दोन सर्व्हर ठेवले, तरी बंद का पडतं?

(दिवेआगरला एका घराच्या पडवीत झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. समोर गावातली, बोर्लीची, श्रीवर्धनची कॉलेजातली मुलं-मुली होती, आणि घरगुती राहण्याजेवणाची सोय चालवणारे काही जण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, फक्त पुन्हापुन्हा आलेलं गाळलंय.)

मागे आवाज येतोय ना? बरं. लाइट आहे तोवर बोलून घेऊ, गेली तर इन्व्हर्टर आहे, आणि इन्व्हर्टर बसला तर आवाज चढवतो.

मघाशी चहा घेताना एकाने विचारलं, "दादा, एक सर्व्हर पडला तर दुसरा लावायचा, एवढंच ना ते क्लस्टरिंग?" मी आज तेवढंच बोलणार आहे. कारण माझी नोकरी हीच आहे, सर्व्हर चालू ठेवणं, आणि "एवढंच ना" असं मीही बरीच वर्षं म्हणत होतो. ३ जून २०२० पर्यंत.

तो दिवस इथे कोणाला सांगायला नको. निसर्ग वादळ दुपारी किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मी तेव्हा पुण्यात. समोर लॅपटॉपवर कंपनीचे सगळे सर्व्हर हिरवे दिसतायत, सगळं छान चाललंय, आणि घरचा फोन लागत नाही. आईचा नाही, बाबांचा नाही, धाकट्या भावाचा नाही. आमच्याकडे मुद्दाम दोन कंपन्यांची दोन सिमं होती. मीच घेऊन दिलेली. एक गेलं तर दुसरं, म्हटलं होतं मोठ्या तोऱ्यात. दोन्ही बंद. चौथ्या दिवशी कोणीतरी गाडी घेऊन माणगावपर्यंत आलं आणि तिथून फोन केला, "सगळे बरे आहेत, कौलं गेली, वाडी गेली."

दोन सिमं होती ना? मग दोन्ही का गेली? कंपन्या दोन, टॉवर दोन, पण वीज ज्या खांबांवरून येते ते खांब एकाच रस्त्याच्या कडेने, आणि वादळ तर सगळ्यांचं एकच. कागदावर माझ्याकडे दोन होते, खरं पाहिलं तर एकच.

वाडीतही तेच झालं. सुपारी कोसळली, आणि सुपारीवर चढवलेली मिरी तिच्याबरोबर गेली. मिरीला काही झालं नव्हतं हो. तिचा आधार गेला. आमच्या धंद्यात जेव्हा म्हणतात "आमची सर्व्हिस ठीक होती, पण ज्यावर अवलंबून होती ते बंद पडलं", तेव्हा मला ती आडवी पडलेली मिरीच दिसते.

तर आता नीट सुरुवातीपासून.

क्लस्टर म्हणजे अनेक मशीन, जी बाहेरच्याला एकच वाटतात. आपल्याकडे क्लस्टर म्हटलं की काही जणांना पुण्याच्या सी-डॅकचा परम आठवतो, १९९१ चा महासंगणक. तो वेगळ्या कामाचा. तिथे एकच मोठं गणित अनेक प्रोसेसरांत वाटून लवकर सोडवायचं असतं. आपण बोलतोय ते दुकान बंद पडू नये म्हणून आणि गर्दी झेपावी म्हणून जोडलेल्या मशीनबद्दल. या दोन गोष्टी, टिकणं आणि झेपणं, लोक एकत्र करून टाकतात. तिथेच पहिला घोळ होतो.

दिघी-आगरदांड्याची जंगल जेट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. समजा दोन बोटी फिरतायत. धक्क्यावरचा माणूस बघतो कुठली बोट रिकामी आहे आणि गाड्या तिकडे सोडतो. आमच्याकडे त्या माणसाला लोड बॅलन्सर म्हणतात. आता समजा दोन्ही बोटी साठ टक्के भरून चालतात. मालक खूश, जागा आहे अजून. एक बोट दुरुस्तीला गेली. सगळा भार दुसरीवर. किती झाला? एकशेवीस टक्के. म्हणजे ती बोटही पुरत नाही. रांग वाढते, लोक हॉर्न वाजवतात, पुढे घुसतात, आणि जी बोट धड होती तिचंही वेळापत्रक कोलमडतं.

म्हणजे दोन बोटी होत्या त्या गर्दीसाठी होत्या, अडचणीसाठी नव्हत्या. दोन सर्व्हरपैकी एक गेला तरी चालायला हवं असेल तर एरवी प्रत्येकाने पन्नास टक्क्यांच्या आत राहायला हवं. तीन असतील तर साधारण सहासष्ट टक्क्यांच्या आत. अर्धं मशीन रिकामं ठेवायचं म्हटलं की हिशेब बघणाऱ्याच्या पोटात दुखतं, आणि तो ते रिकामं भरून टाकतो. मग पहिल्या सर्व्हरनंतर दहा मिनिटांत दुसराही पडतो आणि सगळे म्हणतात, क्लस्टर असूनही कसं काय?

एकच मोठं मशीन घ्यायचं की लहान अनेक, हा प्रश्न नेहमी येतो. छोट्या कामाला सरळ मोठं मशीन घ्या. खोटं नाही सांगत, निम्म्या लोकांना क्लस्टर लागतच नाही. पण मोठ्या मशीनला एक वरची मर्यादा असते, आणि ते गेलं की सगळं गेलं.

थोडं गणित. एक सर्व्हर नव्व्याण्णव टक्के वेळ चालू असतो. ऐकायला उत्तम. पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त. त्याच्या जोडीला तसाच दुसरा ठेवला तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एक टक्क्याचा एक टक्का. म्हणजे ९९.९९ टक्के चालू, वर्षात सुमारे ५३ मिनिटं बंद. जादू वाटते. पण या जादूला एक अट आहे: एकाच्या पडण्याचा दुसऱ्याच्या पडण्याशी काहीही संबंध नको. आमच्या दोन सिमांना ही अट लागू नव्हती.

आणि उलटंही असतं. एका बुकिंगसाठी वेबसाइट, डेटाबेस, पेमेंट, मेसेज अशा चार गोष्टी लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के चालू असेल, तर चारही एकत्र चालू असण्याचं प्रमाण ९९.६. वर्षात जवळजवळ ३५ तास बंद. कोणीही नापास नाही, तरी एकूण निकाल असा.

(मागून प्रश्न: मग सगळ्याच्या दोन-दोन कॉपी ठेवायच्या?)

ठेवायच्या, पण कॉपी ठेवली की नवीन भानगड येते. वेबसाइटचं पान दाखवणारा सर्व्हर सोपा. त्याला काही लक्षात ठेवायचं नसतं, दहा लावा, वीस लावा. अवघड तो, ज्याच्याकडे वही आहे. डेटाबेस. दोन वह्या झाल्या की खरी कुठली?

हे मी घरचंच सांगतो. भावाने हसू नये.

आमच्या चार खोल्या. बुकिंग इथे भाऊ घेतो आणि तिकडे डोंबिवलीला आतेभाऊ घेतो, कारण मुंबईकडचे पाहुणे त्याच्या ओळखीचे. दोघांच्या दोन वह्या, आणि कोणी खोली दिली की लगेच दुसऱ्याला व्हॉट्सअॅप. मीच नियम घालून दिला होता, घरात मीच इंजिनिअर: अर्धा तास दुसऱ्याचा फोन लागला नाही तर तो नाही असं समजायचं आणि आपण एकट्याने निर्णय घ्यायचा.

लांबच्या सुट्टीचा शुक्रवार. संध्याकाळी गावात नेटवर्क गेलं. एक खोली शिल्लक. भावाने अर्धा तास वाट पाहिली, मग दारात आलेल्या पाहुण्यांना ती देऊन टाकली. आतेभावानेही अर्धा तास वाट पाहिली, आणि तीच खोली फोनवर नाशिकच्या एका कुटुंबाला दिली. दोघांनीही नियम तंतोतंत पाळला. रात्री अकराला नाशिकची गाडी दारात, आत ऐंशीच्या आसपासच्या आजी, प्रवासाने पाय सुजलेले. गावात कुठे एक खाट रिकामी नाही. शेवटी आईबाबांनी आपली खोली दिली आणि दोघं पडवीत झोपले. इथेच, या खांबाशी. आजी सकाळी आईला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर झोपलात हे मला रात्री कळलं असतं तर मी आत पाय ठेवला नसता." आई काही बोलली नाही. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण चूक दोघांपैकी कोणाचीच नव्हती, नियमाची होती.

याला आमच्याकडे स्प्लिट ब्रेन म्हणतात. डोकं एक, त्याची दोन झाली, दोन्ही स्वतःला मालक समजतायत. मशीनही एकमेकांना दर सेकंदाला "आहे, आहे" असा इशारा पाठवत असतात, त्याला हार्टबीट म्हणतात. इशारा थांबला की काय समजायचं? समोरचा मेला, की मधली तार तुटली? आतून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. हा फरक दोन मशीनना मिळून कधीच ठरवता येत नाही. म्हणून तिसरा लागतो.

आता आमच्याकडे तिसरे म्हणजे शेजारचे काका. त्यांच्याकडे आमचं बुकिंग नाही, पाहुण्यांची नावं नाहीत. त्यांच्या फळ्यावर फक्त एवढंच लिहिलेलं असतं की आज शेवटची खोली द्यायचा हक्क कोणाकडे. नियम बदलला: तिघांपैकी दोघांचं एकमत असेल तरच शेवटची खोली द्यायची. नेटवर्क गेलं तर भाऊ कुंपणापलीकडे जाऊन काकांना विचारतो. दोन मतं झाली, तो खोली देऊ शकतो. तिकडे आतेभाऊ एकटा, एक मत. तो पाहुण्याला सांगतो, "थोड्या वेळाने कळवतो." कधीकधी ते गिऱ्हाईक जातं. जाऊ दे. पण एक खोली दोघांना जात नाही.

हे बहुमत म्हणजे कोरम. म्हणून क्लस्टरमध्ये मतदार तीन, पाच, सात असे विषम ठेवतात. तीनमध्ये एक गेला तरी दोन उरतात, बहुमत आहे. चार ठेवलेत तर बहुमताला तीन लागतात, म्हणजे तिथेही एकच गेलेला चालतो. चौथ्याचा खर्च फुकट. पाचमध्ये दोन गेले तरी चालतं. हे मत मोजायचं काम बिनचूक कसं करायचं यावर लेस्ली लॅम्पोर्टचा पॅक्सोस आहे, आणि २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोघांनी समजायला सोपा म्हणून मांडलेला राफ्ट. कुबरनेटीसचं नाव ऐकलं असेल, त्याच्या पोटातली वही राफ्टवर चालते.

पण कोरम लावला की सुटलो, असंही नाही. २१ ऑक्टोबर २०१८. गिटहब, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम ठेवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं नेटवर्कचं एक उपकरण बदलत होते, नेहमीचं काम. त्यात मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला, फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात बाकीच्या मतदारांनी बहुमताने ठरवलं की मुख्य डेटाबेस गेला, आता पश्चिम किनाऱ्यावरचा मुख्य. नियमाने बरोबर. पण पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत जे लिहिलं गेलं होतं ते पश्चिमेला पोचलंच नव्हतं. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी, ज्या दुसरीकडे नाहीत. गिटहबने ठरवलं, वेळ लागला तरी चालेल, लोकांचं काम गमवायचं नाही. सगळं ताळ्यावर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांसाठी.

कोण मालक हे मतांनी ठरतं. पण वहीची नक्कल दुसरीकडे कधी पोचते, हा वेगळा प्रश्न आहे. तो आपल्या मुंबईत फार स्पष्ट दिसला.

राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी दहाच्या सुमारास निफ्टीचे आकडे हलायचे थांबले. ११ वाजून ४० मिनिटांनी सगळे व्यवहार बंद. इथे कोणी इंट्राडे करत असेल तर त्याला कळेल, सकाळी घेतलेला सौदा दुपारी मिटवायचा असतो आणि बाजारच नाही. बीएसई चालू होती, तिकडे धावाधाव. शेवटी एनएसई दुपारी पावणेचारला उघडली आणि पाचपर्यंत चालली.

एनएसईकडे काही कमी होतं का? मुख्य डेटा सेंटर, जवळ एक राखीव, आणि चेन्नईला लांबचं राखीव. मुख्य आणि जवळच्या सेंटरमध्ये दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लाइन. पण एनएसईने नंतर जे सांगितलं त्यानुसार दोन सेंटरांच्या मधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चाललं होतं आणि त्यात लाइन बिघडल्या. बरं, लाइन तुटल्या तरी मुख्य सेंटर एकटं चालायला हवं होतं. पण डेटा साठवणारी यंत्रणा, सॅन म्हणतात तिला, लाइन तुटल्यावर अपेक्षेपेक्षा वेगळी वागली आणि मुख्य सेंटरच्या सर्व्हरांनाच दाद देईना. जोखीम मोजणारी प्रणाली गेली, आणि ती नसताना बाजार चालवणं धोक्याचं, म्हणून बंद केला. बंद केला हे बरोबरच केलं, असं माझं मत आहे. चुकीच्या हिशेबाने चालवण्यापेक्षा बंद बरा.

आता तुम्ही म्हणाल, जवळ कशाला ठेवायचं राखीव सेंटर? लांबच ठेवा. तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई हजार किलोमीटर धरलं तर जाऊन यायला किमान दहा मिलीसेकंद. प्रत्येक सौदा चेन्नईच्या वहीत चढला की मगच पक्का म्हणायचा असं ठरवलं तर प्रत्येक सौद्याला तो दहा मिलीसेकंदांचा भार, आणि शेअर बाजारात ते फार झालं. म्हणून एकही नोंद हरवू नये यासाठी जवळ एक नक्कल, लगेच लिहिलेली. आणि लांब दुसरी, जरा मागून येणारी. जवळ ठेवलं तर रस्ता एक, पाऊस एक, खोदणारा जेसीबी एक. लांब ठेवलं तर वही काही क्षण शिळी. यातून सुटका नाही, फक्त निवड आहे.

मला त्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. चेन्नई तयार होती आणि तिकडे बाजार हलवला नाही. सेबीने त्याच दिवशी विचारलं, का नाही हलवला? आणि पुढच्याच महिन्यात नियम कडक केला: बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची, आणि जाहीर केल्यावर ४५ मिनिटांत राखीव जागेवरून चालू व्हायचं. म्हणजे प्रश्न मशीनचा कमी, "आता हलायचं" हे कोणी म्हणायचं याचा जास्त. मी रात्री दोनला या खुर्चीत बसलेलो आहे. पाचच मिनिटांत येईल परत, असं वाटत राहतं. पाचाची पन्नास होतात.

गर्दीचं पटकन सांगतो, कारण तुम्ही सगळे त्यात होता. २०१९ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत-न्यूझीलंड. हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक. धोनी धावबाद झाला. तुम्ही काय केलंत? बॅकचं बटण दाबलंत. सगळ्यांनी. व्हिडिओवरची गर्दी क्षणात ओसरली आणि ती सगळी होमपेजवर आदळली, कारण बॅक दाबलं की तिथेच जातो ना आपण. गर्दी कमी होतानाही सर्व्हर पडू शकतो. नवीन मशीन सुरू व्हायला मिनिटं लागतात, धोनी बाद व्हायला एक चेंडू. म्हणून त्यांच्या इंजिनिअरांनी जाहीरपणे सांगितलंय की ते मशीन आधीच वाढवून ठेवतात, आणि फारच ताण आला तर 'तुम्हाला हेही आवडेल' वगैरे बिनमहत्त्वाचं बंद करून सामना चालू ठेवतात. आपल्या खानावळीत गर्दी झाली की सोलकढी आणि भात-माशावर भर देतो, मेन्यूतले बाकी पदार्थ 'आज नाही'. तसंच.

आणि यूपीआय अडकलं की सारखं सारखं दाबू नका हो. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडखळलं, त्यात काही बँकांच्या प्रणाली "झालं का, झालं का" असं त्याच व्यवहाराबद्दल पुन्हापुन्हा विचारत होत्या, त्याचा पूर आला. आजारी माणसाला दर मिनिटाला "बरं वाटतंय का" विचारलं तर तो झोपणार कधी?

(प्रश्न: आमच्या छोट्या वेबसाइटला यातलं काय लागतं?)

बहुतेक काहीच नाही. एक बरं मशीन घ्या, रोजचा बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवा, आणि तो बॅकअप परत चालू करून बघा. बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका, ती फक्त एक फाइल आहे. पुढे वाढलात की वेबचे दोन सर्व्हर, डेटाबेसची एक नक्कल, आणि ठरवणारा तिसरा कुठेतरी वेगळीकडे. वेगळीकडे म्हणजे खरंच वेगळीकडे, तेव्हा वीज, रस्ता, तार, सगळं विचारा.

नेटफ्लिक्सने तर एक प्रोग्रॅमच लिहिला होता, केऑस मंकी. दिवसाढवळ्या आपलेच चालू सर्व्हर मुद्दाम पाडायचा. वेडेपणा वाटतो, पण पडायचंच असेल तर माणसं जागी असताना पडलेलं बरं.

आम्हीही घरी करतो आता. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, पाहुणे कमी असतात तेव्हा एक दिवस राउटर बंद, मेन स्विच बंद, दोन्ही सिमं बंद. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पहिल्या वर्षी कळलं की जनरेटरच्या खोलीची किल्ली भावाकडे असते आणि भाऊ बाजारात गेलेला असतो. दुसऱ्या वर्षी किल्ल्या दोन होत्या. दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या, त्याच कुलूपबंद माजघरात. या वर्षी एक काकांकडे दिली आहे. बघू काय निघतं.